दवाखान्यांच्या ॲपमध्ये 12 लाख घालावेत का? आधी बिल कोण भरतं ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतले 12 लाख, मेव्हण्याच्या ओळखीतल्या दोन मुलांची कंपनी, लहान दवाखान्यांसाठी नंबर लावणं, केसपेपर आणि प्रिस्क्रिप्शन एकत्र असलेलं ॲप. कंपनीची किंमत त्यांनी 18 कोटी धरलीय, 400 डॉक्टर जोडले गेलेत म्हणतात, आणि ‘डिजिटल आरोग्याला पुढची दहा वर्षं मरण नाही’ असं तुम्हाला सांगितलंय. मी 17 वर्षं दवाखान्यांत आणि रुग्णालयांत सॉफ्टवेअर बसवण्याचं काम करतोय, त्यातली बरीचशी पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यात. तुमची ही आयुष्याची पुंजी आहे, म्हणून हातचं न राखता लिहितो.

या क्षेत्राला मरण नाही हे मलाही पटतं. पण क्षेत्र वाढलं म्हणून त्यात पैसे घालणारा तरतोच असं नाही. अमेरिकेत रॉक हेल्थ ही संस्था याची मोजदाद ठेवते. तिच्या आकड्यांनुसार तिथल्या डिजिटल हेल्थ कंपन्यांत 2021 साली सुमारे 2,900 कोटी डॉलर आले. 2023 साली ते सुमारे 1,070 कोटींवर उतरले. फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या टेलाडॉक या अमेरिकी कंपनीनं 2020 मध्ये मधुमेहावर काम करणारी लिव्होंगो ही कंपनी 1,850 कोटी डॉलरला घेण्याचा सौदा केला आणि 2022 या एका वर्षात 1,300 कोटी डॉलरहून जास्त तोटा दाखवला. त्यातला बहुतेक तोटा खरेदीच्या वेळी ताळेबंदात धरलेली किंमत खाली आणल्यामुळे होता. रुग्ण फोनवरून डॉक्टरांशी बोलायचे थांबले नव्हते. सेवा चालूच होती, भाव मात्र चुकीचा लागला होता.

आपल्याकडचं उदाहरण तर मुंबईचंच. औषधं घरपोच देणाऱ्या फार्मइझीनं जून 2021 मध्ये थायरोकेअरमधला 66.1 टक्के हिस्सा 4,546 कोटींना घेण्याचं ठरवलं. थायरोकेअर म्हणजे तुर्भ्याची प्रयोगशाळा, बीएआरसीतून बाहेर पडलेल्या वेलुमणींनी उभी केलेली, नफ्यात चालणारी. घेणारी कंपनी मात्र तोट्यात होती आणि तिच्यावर कर्जाचा बोजा वाढत गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये तिनं 6,250 कोटींच्या आयपीओचे कागद सेबीकडे दिले, ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतले, आणि 2023 मध्ये आधीच्या भावापेक्षा जवळपास 90 टक्के खालच्या भावानं राइट्स इश्यू, म्हणजे जुन्याच भागधारकांना नवे शेअर, काढावा लागला. त्यात नव्यानं पैसे न घालणाऱ्यांचा हिस्सा नावापुरता उरला. ‘आयपीओ येतोय’ म्हणून अनलिस्टेड बाजारात, म्हणजे शेअर बाजारात नोंदणी होण्याआधीच, शेअर घेतलेल्या साध्या नोकरदारांचे पैसे तिथे अडकले. औषधं घरपोच मागवणारी माणसं आजही मागवतातच.

म्हणून मी कुठल्याही आरोग्य ॲपबद्दल पहिला प्रश्न एकच विचारतो: दर महिन्याला बिल कोण भरतं, आणि दुसऱ्या वर्षीही भरतं का?

तुमच्या बाबतीत हे बिल लहान दवाखान्याच्या डॉक्टरांनी भरायचंय. तिथे मला काय दिसलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिनं असंच ॲप काढलं होतं आणि पहिलं वर्ष फुकट दिलं होतं. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे ते मी स्वतः बसवलं. सकाळच्या ओपीडीत 80-90 पेशंट, एकेकाला फार तर तीन मिनिटं. बाहेर बसणाऱ्या ताईंनी केसपेपरचे गठ्ठे गावांप्रमाणे बांधले होते. नंबरवार नाही, आडनावावरून नाही, गावावरून. मूल कधी आईबरोबर येतं, कधी आजीबरोबर. नाव कधी घरचं सांगतात, कधी शाळेतलं. गाव मात्र बदलत नाही. ‘कुठलं गाव?’ एवढं विचारून त्या दहा सेकंदांत कागद काढून आत पाठवायच्या. आमचं ॲप मोबाइल नंबरावरून शोधायचं. आजीला सुनेचा नंबर पाठ नसायचा, बापाचं सिमकार्ड बदललेलं असायचं, मग त्याच मुलाची दुसऱ्यांदा नोंद व्हायची. तीन महिन्यांत एकेका मुलाच्या तीन-तीन नोंदी झाल्या आणि लसीकरणाचा इतिहास त्यांत विखुरला. वर्ष संपल्यावर बिल पाठवलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून चहा दिला आणि म्हणाले, “तुमच्या लोकांनी मेहनत केलीय, पण माझं एकही काम यानं कमी झालेलं नाही.” त्या भागातल्या बहुतेक दवाखान्यांनी दुसऱ्या वर्षाचे पैसे भरले नाहीत. तोवर आमच्या सादरीकरणात मात्र ते सगळे ‘जोडलेले डॉक्टर’ होते. त्या मुलांच्या नोंदी विखुरल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या कंपनीच्या 400 डॉक्टरांपैकी पैसे भरणारे किती, ते विचारा. समजा सगळे 400 महिना 750 रुपये देतात. महिन्याचे 3 लाख, वर्षाचे 36 लाख झाले. 18 कोटी म्हणजे त्याच्या 50 पट. भरणारे निम्मेच असतील तर 100 पट. आणि तुमच्या 12 लाखांना मिळणारा हिस्सा पाऊण टक्क्याहूनही कमी.

शिवाय समोर सरकार उभं आहे, आणि ते फुकट किंवा अगदी स्वस्तात देतं. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि फोनवरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. त्यावर कितीतरी ॲप उभी राहिली. पण सरकारच्या ई-संजीवनीवर सल्ला मोफत आहे आणि फेब्रुवारी 2023 मध्येच तिनं 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला. दवाखान्याच्या नोंदींसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेची ई-सुश्रुत ही प्रणाली आहे, तिची लहान दवाखान्यांसाठीची आवृत्तीही आलीय. ओपीडीच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करून नंबर घेण्याची सोय आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली मोठ्या सरकारी रुग्णालयांत रुळलीय. नुसत्या नंबर लावण्यासाठी खासगी ॲपला कोण किती दिवस पैसे देईल?

हे मिशन सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालं आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. आभा या रुग्णाच्या 14 अंकी आरोग्य-ओळख क्रमांकावर एका दवाखान्याची नोंद दुसऱ्या दवाखान्याला, रुग्णाच्या संमतीनं, दिसू शकते. त्या सांगलीच्या ओपीडीत हे असतं तर बापाचं सिम बदललं तरी मुलाच्या लशींची नोंद हरवली नसती. म्हणून कंपनीच्या त्या दोन मुलांना विचारा, या मिशनला ॲप जोडण्याच्या एम-वन, एम-टू, एम-थ्री या टप्प्यांतलं काय पूर्ण झालंय? एम-वन म्हणजे आभा क्रमांक तयार करणं आणि पडताळणं, एम-टू म्हणजे आपल्याकडची नोंद त्याला जोडणं, एम-थ्री म्हणजे दुसरीकडची नोंद मागवून दाखवणं. सँडबॉक्समधून, म्हणजे चाचणीच्या टप्प्यातून, बाहेर पडून प्रत्यक्ष वापर सुरू आहे का, हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आता बिल कुठे भरलं जातं तेही सांगतो, म्हणजे मी नुसता नकार देतोय असं वाटायला नको.

रुग्णालयात टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या टेबलावर, एक संध्याकाळ बसून बघा. डॉक्टरांनी सकाळी डिस्चार्ज लिहिलेला असतो, रुग्ण कपडे बदलून पलंगाच्या कडेला बसलेला, नातेवाईक काउंटरला खेटे घालतात आणि विमा कंपनीची क्वेरी येते, ‘इंडोअर पेपरचं (भरती असतानाच्या नोंदींचं) चौथं पान अस्पष्ट आहे’. पलंग अडतो, पुढचा रुग्ण थांबतो, रुग्णालयाचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. 2024 मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकानं कॅशलेसची पूर्वपरवानगी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला विमा कंपन्यांना बजावलं. महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राचंही, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाचंही, अर्धं काम कागद स्कॅन करून चढवण्याचंच असतं. इथे दाव्याचा कागद पहिल्याच वेळी बिनचूक जाईल असं सॉफ्टवेअर ज्यानं दिलं, त्याचं बिल रुग्णालय भरतं, कारण त्यातून रुग्णालयाचेच अडकलेले पैसे सुटतात. मी बसवलेल्यांपैकी नूतनीकरणाच्या वेळी घासाघीस न होणारा हा एकच प्रकार.

मुंबईच्या क्युअर डॉट एआयचं बघा. छातीचा एक्स-रे वाचून क्षयाची शंका दाखवणारं त्यांचं सॉफ्टवेअर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 15 वर्षांवरच्यांच्या क्षय-तपासणीत माणसाऐवजी अशा प्रणालीनं एक्स-रे वाचायला मान्यता दिली. जिथे रेडिऑलॉजिस्ट नाही तिथे याची गरज खरी आहे, आणि पैसे देणारेही आहेत: क्षयरोग कार्यक्रम, औषध कंपन्या, परदेशी रुग्णालयं. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांना 6.5 कोटी डॉलर मिळाले. ऐरोलीहून चालणारी आयकेएस हेल्थ अमेरिकेतल्या डॉक्टरांचं नोंदींचं आणि बिलिंगचं काम करते. डिसेंबर 2024 मध्ये तिचा सुमारे 2,500 कोटींचा आयपीओ आला. तो सगळा जुन्या भागधारकांच्या विक्रीचा होता, तेही ध्यानात ठेवा. हे शेअर घ्या असं मी म्हणत नाही. पण लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीचे तिमाही आकडे तुम्हाला घरबसल्या वाचता येतात आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी विकता येतं. या मुलांच्या कंपनीतून तुम्हाला असं कधीही निघता येणार नाही.

तरीही द्यायचे ठरलेच तर थोडं कायद्याचं. पैसे त्या मुलांच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयनं अजिबात पाठवू नका. कंपनी कायद्याच्या कलम 42 खाली तुमच्या नावाचं ऑफर लेटर, म्हणजे पास-4, आलं पाहिजे, रक्कम वेगळ्या बँक खात्यात गेली पाहिजे आणि 60 दिवसांत शेअर वाटप झालं पाहिजे. कुठल्या प्रकारचे शेअर देतात ते बघा. समजा पुढे एखादा फंड 15 कोटी घालतो आणि ‘आधी आमची रक्कम’ अशी अट लावतो. नंतर कंपनी 14 कोटींना विकली गेली तर साधे शेअर (इक्विटी) असलेल्याच्या हातात शून्य येतं. करारात हे एका ओळीत असतं, सीएला ती ओळ शोधायला सांगा.

रुग्णांची माहिती कुठे साठवतात, बॅकअप कोण घेतं, हेही विचारा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथली नोंदणी कित्येक दिवस हातानं करावी लागली. आता 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोन माणसांच्या कंपनीला एक चूकही पेलणार नाही.

माझं मत विचारलंत तर 12 लाख देऊ नका. फार तर लाखभर द्या, तेही गेले तरी घरात चर्चा होणार नाही असे. आणि त्याआधी त्यांच्याकडून पैसे भरून वर्ष उलटलेल्या चार दवाखान्यांचे पत्ते मागा. सकाळी दहाला जा, डॉक्टरांना भेटूच नका, बाहेर बसणाऱ्या ताईंच्या शेजारी तासभर बसा. ॲप उघडं आहे की टेबलाच्या खणात केसपेपरचे गठ्ठे परत आलेत, ते तुम्हाला दिसेल. काय दिसलं ते इथेच लिहा; कराराचा मसुदा आला तर नावं झाकून टाका, मी वाचून सांगतो.