ॲबोरिजिनल रजिस्ट्रारला ॲडिक्शन मेडिसिनकडे जायचे आहे : सुपरवायझरने काय करावे?

आपल्या हाताखालच्या ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी) रजिस्ट्रारला, म्हणजे विशेषज्ञ होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला, ॲडिक्शन मेडिसिन (व्यसनांवरील उपचारांची शाखा) करायचे आहे, विभागातले सहकारी मात्र ‘एवढी हुशार आहेस, कार्डिऑलॉजी कर’ म्हणून तिच्या मागे लागले आहेत, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देण्यापलीकडे आपण तिच्यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. ऑस्ट्रेलियात बरीच वर्षे याच विषयात काम करत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मार्गाबद्दल फार काळजी नको. या शाखेला येथे २००९ मध्ये स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळाली. फिजिशियन कॉलेजचे (फिजिशियनांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पाहणाऱ्या संस्थेचे) बेसिक ट्रेनिंग आणि परीक्षा पूर्ण करून, किंवा जनरल प्रॅक्टिस, मानसोपचार यांसारख्या शाखेची फेलोशिप (विशेषज्ञ म्हणून पात्रता) हाती असताना, तीन वर्षांच्या ॲडव्हान्स्ड ट्रेनिंगला प्रवेश घेता येतो. ऑस्ट्रेलियन इंडिजिनस डॉक्टर्स असोसिएशन या मूलनिवासी डॉक्टरांच्या संघटनेशी तिचा संबंध नसेल तर तो आधी जुळवून द्या. तिथे तिला तिच्यापुढे गेलेली माणसे भेटतील.

सहकाऱ्यांच्या सल्ल्याइतकाच त्याच्या उलट सल्लाही तापदायक असतो : ‘तुमच्या लोकांत हा प्रश्न फार, तेव्हा तूच हे करायला हवेस.’ ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील लोकांमध्ये दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचे प्रमाण इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त असल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणांत दिसले आहे. जे पितात त्यांच्यात धोकादायक पिणे अधिक आहे, हेही तितकेच खरे. म्हणून तिच्या आवडीमागे घरची एखादी दुःखद कहाणी असणारच, असे गृहीत धरून तिला त्याबद्दल विचारू नये. (आपल्यापैकी ज्यांची इंटर्नशिप गडचिरोली-मेळघाटात झाली, त्यांनी ‘आदिवासींचे प्रश्न मला ठाऊक आहेत’ या भ्रमातही राहू नये. इथला इतिहास निराळा आहे. ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत असणे हा गुन्हा राहू नये, असे १९९१ मध्ये सांगितले, आणि व्हिक्टोरिया राज्यात ते प्रत्यक्षात यायला २०२३ उजाडले. दारू प्यालेल्या माणसाची गाठ डॉक्टरआधी पोलिसाशी पडते, हे तिच्या रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.)

माझ्या मते खरा प्रश्न वॉर्डात आहे. दारू अचानक बंद झालेला, घामाने निथळणारा, हात थरथरणारा एखादा ॲबोरिजिनल रुग्ण थायमिन आणि डायझेपामचे डोस चालू असतानाच सलाइन ओढून काढून घरी निघालेला असतो. तो दुसऱ्याच टीमचा रुग्ण असतो, तरी फोन आपल्या रजिस्ट्रारला जातो : ‘तू जरा बोल ना त्याच्याशी.’ ती जाते, अर्धा तास त्याच्याजवळ बसते, त्याचे गाव कोणते, माणसे कोण हे विचारते, आणि तो थांबतो. ही अर्ध्या तासाची कामगिरी कोणाच्याही नोंदीत येत नाही. तिच्या स्वतःच्या डिस्चार्ज समरी मात्र रात्रीपर्यंत तुंबून राहतात आणि महिन्याच्या आढाव्यात ‘वेळेचे नियोजन कमी पडते’ असा शेरा पडतो. असे काम ती करणार असेल तर ते सल्लामसलत म्हणून नोंदवा, त्यावर चर्चा करा, तिच्या मूल्यमापनात धरा. तिला ते नको असेल, तर नकार तिच्या तोंडून नव्हे, आपल्या तोंडून जाऊ द्या.

दुसरी अडचण नात्यांची. लहान गावात रुग्ण तिचा मामा किंवा आत्या निघण्याची शक्यता मोठी असते, आणि ‘नातेवाइकांवर उपचार करू नयेत’ एवढे वाक्य फेकून प्रश्न सुटत नाही, कारण तिथे ओळख न दाखवणे हाच अपमान ठरतो. अशा वेळी ब्युप्रेनॉर्फिनच्या (अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावरील औषधाच्या) प्रिस्क्रिप्शनवर सही कोणाची, कागदपत्रे कोण पाहणार, आणि ती केवळ नातलग म्हणून भेटायला गेली तर कोणाला कळवायचे, हे रुग्ण दारात येण्याआधी ठरवून ठेवा.

तिच्या प्रशिक्षणाची एक टर्म समुदायाच्याच ताब्यातील आरोग्यसेवेत जावी, असा आग्रह मी धरीन. सिडनीच्या रेडफर्नमध्ये अशी पहिली सेवा १९७१ मध्ये सुरू झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय क्रॉसिंग या गावाच्या स्त्रियांनी जून ऑस्कर आणि एमिली कार्टर यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये अगदी सौम्य दारू सोडून बाकी सर्व दारूच्या घरी नेण्याच्या विक्रीवर निर्बंध आणवले. व्यसनाचा प्रश्न समाजाने स्वतः हाती घेतला की त्याला कसे वळण लागते, हे मोठ्या रुग्णालयाच्या डिटॉक्स (नशा उतरवण्याच्या) वॉर्डात बसून शिकता येत नाही. समुदायाच्या त्या सेवेत या विषयाचा विशेषज्ञ नसल्यास साप्ताहिक देखरेख व्हिडिओवरून आपण करा, आणि सोबत समाजातील एक ज्येष्ठ व्यक्ती मार्गदर्शक म्हणून, रीतसर मानधन देऊन, नेमा. फुकटात ज्ञान मागण्याची रुग्णालयांची सवय मला पटत नाही. मोठ्या रुग्णालयांबाहेरच्या प्रशिक्षण-जागांसाठी केंद्र सरकारच्या स्पेशालिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅममधून निधी मिळू शकतो, त्यासाठी कॉलेजकडे लवकर विचारणा करावी.

पुढच्या टर्मचे रोस्टर पक्के होण्याआधी विभागप्रमुखांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. समाजातील मृत्यूनंतरच्या विधींसाठी घेतलेली रजा, नाते कागदोपत्री कितीही दूरचे दिसले तरी, तिच्या प्रगतीविरुद्ध मोजली जाणार नाही. आणि ‘मूलनिवासी आरोग्य’ या नावाच्या प्रत्येक समितीवर तिचे नाव तिला न विचारता टाकले जाणार नाही.