न येणाऱ्या मुलांची नोंद

प्रश्न : मी पुण्यातील एका धर्मादाय केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या व येरवड्याच्या वस्त्यांमधली मुले दोन-चार सत्रांनंतर येईनाशी होतात. वस्तीनिहाय आरोग्य व सामाजिक असुरक्षिततेची आकडेवारी वापरून सेवा सुधारावी, असे विश्वस्तांनी सुचवले आहे. यातून ‘ही मुले टिकायची नाहीत’ असा शिक्का त्यांच्यावर बसेल, अशी मला भीती वाटते. या आकड्यांचा उपयोग कसा करावा?

उत्तर : आपली भीती रास्त आहे. वस्तीचा आकडा वस्तीबद्दल सांगतो. समोर बसलेल्या मुलाबद्दल त्यावरून काहीही ठरवता येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सामाजिक असुरक्षितता निर्देशांकात १६ निकष आहेत आणि गरिबी, घरातील दाटी, वाहन नसणे, इंग्रजी नीट न येणे अशा बाबी त्यांत मोजल्या जातात. आपत्तीत कोणत्या भागाला अधिक मदत लागेल, हे कळावे म्हणून तो तयार झाला. आपणही हे निकष कुटुंबाला न लावता स्वतःच्या केंद्राला लावावेत, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवात नोंदवहीपासून करावी. वर्षभरात आलेली मुले वस्तीनिहाय मांडावीत आणि शेजारी त्या वस्तीच्या अंगणवाड्यांतील बालकांची संख्या लिहावी. जिथे बालके पुष्कळ आणि आपल्याकडे आलेली मोजकी, तिथे आधी जावे, कारण गळतीइतकीच मुळात न पोहोचलेल्यांची काळजी करायला हवी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे आणि श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब हे दोन्ही त्या तपासणीच्या यादीत आहेत. तपासणीत संशय आल्यावर पुढे पाठवलेली मुले कुठे थांबली, हे अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याशी बोलल्यावरच उलगडेल.

भाषेच्या निकषाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. घरी वडारी, लमाणी, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला आपण प्रमाण मराठीत चित्रे दाखवून शब्द विचारले आणि ते गप्प राहिले, तर तो विलंब नसून आपल्या चाचणीची मर्यादा असू शकते. दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला उशीर करते, हा समज चुकीचा आहे. ‘घरी मराठीच बोला’ असा सल्ला दिला, तर ज्या भाषेत आईचे बोलणे सहज व भरभरून होते तीच मुलापासून हिरावली जाते. म्हणून वस्तीत कोणत्या भाषा बोलल्या जातात याची नोंद आधी करून घ्यावी आणि त्या भाषा जाणणारी व्यक्ती मूल्यमापनाच्या वेळी सोबत घ्यावी.

दाटीचा संबंध थेट कानाशी आहे. गर्दीची घरे आणि चुलीचा किंवा तंबाखूचा धूर यांमुळे लहान मुलांत मध्यकर्णाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि वारंवार कान फुटत राहिला तर ऐकू कमी येऊन बोलण्यावरही परिणाम होऊ शकतो. अशा वस्तीतून आलेल्या मुलाची श्रवणतपासणी ‘नंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलू नये. अर्थात बोलायला उशीर होणाऱ्या कोणत्याही मुलाची ती व्हायलाच हवी.

वाहन नसण्याचा निकष वेळापत्रकाला लावून पाहावा. दोन बस बदलून यायचे आणि त्यासाठी आईने दिवसाची मजुरी बुडवायची, हे आठवड्याला दोनदा कोणाला जमेल? अंगणवाडीतच आठवड्यातून एक सत्र घ्यावे, संध्याकाळची वेळ ठेवावी आणि भात कालवताना किंवा अंघोळ घालताना करता येईल असा सराव आईला शिकवावा. येणे थांबले, तर कारण विचारून ते त्याच नोंदवहीत लिहावे; आपल्या केंद्रापुरते बोलायचे, तर कुठल्याही तयार निर्देशांकापेक्षा ती कारणे मला अधिक मोलाची वाटतात.

या साऱ्यात वस्तीनिहाय मांडणीत मुलांची नावे येऊ देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. ती घेताना माहिती कशासाठी हवी आहे, हे पालकांना त्यांच्या भाषेत सांगावे, आणि कोणी नकार दिला तरी त्या मुलाचे उपचार पूर्वीसारखेच चालू राहतील, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे.