मित्राच्या ट्रान्सपोर्टवर (सैन्य वाहून नेणाऱ्या जहाजावर) आपलं सैन्य न्यायचं असेल तर नियम काय? (दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्ड गेम ॲक्सिस अँड अलाइज १९४२, दुसरी आवृत्ती)

चालतं, पण एका टर्नमध्ये उरकत नाही. सैन्य ज्याचं, तो ते स्वतःच्या टर्नला चढवतो. जहाज ज्याचं, तो ते स्वतःच्या टर्नला हलवतो, किंवा जागीच ठेवतो. उतरवणं पुन्हा सैन्याच्या मालकाकडे, त्याच्या पुढच्या टर्नला. अमेरिकेने ब्रिटिश पायदळ उचलून परस्पर किनाऱ्यावर उतरवलं, ही नवख्यांची ठरलेली चूक.

जागा नेहमीचीच: एक पायदळ आणि सोबत कुठलंही एक लँड युनिट, म्हणजे जमिनीवर लढणारी सोंगटी. दोन देशांचं मिळूनही मर्यादा हीच. दोन रणगाडे बसत नाहीत.

खरा धोका टर्नच्या क्रमात आहे: रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका. ब्रिटनने अमेरिकन जहाजावर सैन्य चढवलं की ते हलण्याआधी जपान खेळतो, आणि हलल्यावर उतरण्याआधी जर्मनी. ट्रान्सपोर्टचा डिफेन्स शून्य. बुडालं तर ७ आयपीसीचं (आयपीसी म्हणजे या खेळातले पैसे) जहाज जातंच, शिवाय त्यावरचं ३ चं पायदळ आणि ६ चा रणगाडाही. म्हणून जहाज जिथे थांबणार तिथे डिस्ट्रॉयर किंवा क्रूझर (युद्धनौका) आधीच हवं. नसेल तर हा खटाटोप करूच नका.

मित्राच्या जहाजावरून थेट शत्रूच्या किनाऱ्यावर हल्ला करता येतो. मात्र मित्राच्या युद्धनौका त्यात तोफा डागत नाहीत. दोन देश मिळून हल्ला करत नसतात, बचाव मात्र एकत्र करतात.