वाचकांचे प्रश्न : भावफलक मल्टिप्लेक्स करावा की डायरेक्ट?

प्रश्न : इतवारीत आमचं सराफीचं दुकान आहे. बाहेर सोन्याच्या भावाचा सहा आकडी एलईडी फलक लावायचा आहे. कारागीर म्हणतो, मल्टिप्लेक्स करू, म्हणजे आकडे आळीपाळीने एकेक पेटवू, आयसी (चिप) वाचतील. करावं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. भाव दिवसातून दोन-चारदा बदलणार. त्यासाठी आकड्यांची सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप कशाला? सहा आकडे मल्टिप्लेक्स केले की प्रत्येक आकडा एक षष्ठांश वेळच पेटतो. १५ मिलिअँपिअर सोडले तरी सरासरी अडीचच पडतात. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी असा फलक कोण वाचणार? तेवढाच उजेड हवा तर ९० मिलिअँपिअरचे झटके द्यावे लागतात. मग प्रोग्रॅम अडकला, की जो आकडा पेटलेला असेल तो त्याच करंटवर अडकून राहतो. साध्या ५ मिमी एलईडीला सतत २० च झेपतात, तापलेल्या बंद डब्यात त्याहूनही कमी. जळालाच म्हणून समजा.

डायरेक्टमध्ये, म्हणजे सगळे आकडे सतत पेटते ठेवायचे तर, आकड्यामागे एक टीपीआयसी६बी५९५ (आठ आउटपुटचा, आलेला आकडा धरून ठेवणारा आयसी), असे सहा, साखळीने जोडलेले. प्रत्येक सेगमेंटला (आकड्याच्या सात रेघांपैकी एकेक) चार लाल एलईडींच्या दोन माळा, माळेगणिक २७० ओहमचा रेझिस्टर. सप्लायच्या १२ पैकी ८ व्होल्ट एलईडींवर पडतात, उरलेल्या चारांत करंट १५ च्या आसपास बसतो. माळेत पाचवा एलईडी घालायचा मोह टाळा. रेझिस्टरवर जेमतेम २ व्होल्ट उरले, की सप्लाय जरा हलला तरी उजेड बदलतो. एकूण ८४ माळा, सगळ्या पेटल्या तरी सव्वा अँपिअर. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरतो.

स्वस्त म्हणून ७४एचसी५९५ सुचवला जाईल. त्या अख्ख्या आयसीची मर्यादा ७० मिलिअँपिअर, आणि इथे एका ‘८’ लाच २१० लागतात. मागे यूएलएन२००३ (जास्त करंट पेलणारा आयसी) असेल तरच तो घ्या.

टीपीआयसीला ५ व्होल्टवर किमान ४.२५ व्होल्टचा सिग्नल लागतो. फलक चालवणाऱ्या ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचे ३.३ थेट दिले तर आकडे कधी बरोबर, कधी भलतेच. मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारा ७४एचसीटी१२५ बसवा. आउटपुट एनेबलची (आयसीचे आउटपुट चालू-बंद करणारी) पिन १० किलोओहमने ५ व्होल्टला ओढून ठेवा आणि आकडे भरल्यावरच प्रोग्रॅमने खाली आणा. नाहीतर लाइट येताच क्षणभर भलताच भाव झळकतो. सराफाच्या दारात ते परवडायचं नाही!

प्रश्न : मग सरकत्या मजकुराचे तयार पी१० एलईडी पॅनल मल्टिप्लेक्स का असतात?

उत्तर : त्यात ३२ × १६, म्हणजे ५१२ ठिपके. डायरेक्ट करायचं तर आठ आउटपुटचे ६४ आयसी लागतील. चारात एक स्कॅनने, म्हणजे एका वेळी पाव ठिपकेच पेटवून, १६ त भागतं. सरकत्या मजकुराला तेच घ्या.