वाह पेडल एकच घ्यायचंय, कुठलं घेऊ?

प्रश्न: दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बँडमध्ये अर्धी गाणी फंक स्टाइलची आणि अर्धी फुल डिस्टॉर्शनवाली, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत केलेली. मी गिटार वाजवतो आणि बजेट एकाच वाह पेडलचं आहे (पायाने हलवून गिटारला 'वाऽऽह' असा आवाज देणारं), मग क्रायबेबीचं साधं मॉडेल घेऊ की ते नॉबवालं ५३५क्यू? मित्राचं साधंवालं वाजवून बघितलं तर फंकला मस्त वाटलं पण डिस्टॉर्शन चालू केलं की कानात सुई टोचल्यासारखं होतं. माझं काही चुकतंय का?

उत्तर: चुकत काही नाही रे, कान चांगले आहेत तुझे. ती सुई का टोचते ते कळलं की कुठलं पेडल घ्यायचं ते आपोआप कळेल.

तोंडाने सावकाश "वाऽऽह" म्हणून बघ. ओठ गोल असतात तेव्हा आवाज कोंदट, तोंड उघडलं की मोकळा, पण गळ्यातला सूर तोच राहतो ना? पेडल नेमकं हेच करतं. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की सूरच वर जातो तसं इथे नाही, इथे सूर जिथल्या तिथे आणि आवाजाचा फक्त एक पट्टा उचलला जातो, टाच खाली असताना साधारण ४०० हर्ट्झच्या आसपासचा आणि पंजा पूर्ण दाबला की २००० हर्ट्झच्या आसपासचा. हा पट्टा किती अरुंद आणि किती टोकदार, त्याला म्हणतात क्यू. आता वाहच्या नंतर डिस्टॉर्शन जोडलेलं असेल तर तो उचललेला पट्टाच डिस्टॉर्शनला सगळ्यात जोरात ढकलतो, त्यात पट्टा अरुंद आणि पाय पूर्ण पुढे, मग सुई टोचणारच.

साध्या क्रायबेबीत, म्हणजे जीसीबी९५ मध्ये, हा क्यू बाहेरून बदलता येत नाही, सर्किटमधला रेझिस्टर बदलावा लागतो. ५३५क्यू मध्ये त्याला नॉब आहे, शिवाय रेंजच्या, म्हणजे तो पट्टा किती वर-खाली फिरेल त्याच्या, सहा जागा आहेत आणि सोलोसाठी आवाज वाढवणारा बूस्ट वेगळा. तुझं काम दोन टोकांचं आहे म्हणून मी सरळ ५३५क्यू घे म्हणेन. फक्त फंक वाजवणारा असतास तर साधंच घे म्हटलं असतं, तो आवाज अजूनही कुठे कमी पडत नाही. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या, आवाजाला क्यू जास्त ठेव, डिस्टॉर्शनला कमी कर आणि रेंज एक-दोन घर खाली आण. गिटारला हंबकर (दोन कॉइलचे, जाड आवाजाचे पिकअप) असतील तर खालची रेंज जास्त शोभते असा माझा अनुभव आहे, पण हे ज्याच्या त्याच्या अॅम्पवर. नॉब बाजूला असल्यामुळे बॅगेत घासून फिरतात, म्हणून आवडलेल्या जागी मार्करने बारीक खूण करून ठेव.

आता पाय. बहुतेक लोक पाय तालाबरोबर सारखा वरखाली करत राहतात, त्याने दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. फंकसाठी डाव्या हाताने तारा दाबून म्यूट कर, उजवा हात सोळाचा (एका मात्रेत चार) चक-चक-चक चालू आणि पाय मात्र हळू, एका मात्रेत खाली, पुढच्या मात्रेत वर. अमेरिकन गायक आयझॅक हेझच्या, १९७१ च्या 'शाफ्ट' सिनेमाच्या थीममध्ये चार्ल्स पिट्सने गिटार कशी वाजवलीये ते हेडफोन लावून ऐक, नोट्स जवळजवळ नाहीतच, सगळं हात आणि पाय. आणि डिस्टॉर्शन सोलोत पाय हलवूच नकोस काही वेळा, मध्ये कुठेतरी गोड जागा शोधून तिथेच थांबवून ठेव, नाकातून गायल्यासारखा सुंदर आवाज येतो. प्रॅक्टिस उभं राहून, गिटारचा पट्टा गळ्यात घालूनच कर, बसून शिकलेला पाय स्टेजवर कामाला येत नाही.

वाह जोडायची जागा शक्यतो गिटारनंतर लगेच, डिस्टॉर्शनच्या आधी. पण जुन्या पद्धतीचं फझ (एक प्रकारचं डिस्टॉर्शन पेडल) असेल तर वाहचा फरकच जाणवत नाही किंवा शिट्टी वाजते, कारण फझचा इनपुट वाहच्या सर्किटवर भार टाकतो. तेव्हा मध्ये एक बफर (हा भार वाहवर पडू न देणारं छोटं सर्किट) टाक, नाहीतर वाह फझच्या नंतर लाव.

प्रश्न: सर, माझं जुनं वाह पेडल पाय हलवला की खर्र खर्र करतं. आम्ही चिपळूणला राहतो, इथे रिपेअर करणारं कोणी नाही. नवीनच घ्यावं का?

उत्तर: अजिबात नका घेऊ आधी. आत एक पॉट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, असतो, बहुतेक वेळा १०० किलोओहमचा, आणि पेडलच्या खालची दातेरी पट्टी त्याला फिरवते. कोकणातला दमटपणा आणि धूळ त्याच्यात जाते. माझंही एक सेकंडहँड पेडल असंच करायचं, मी दोन वर्षं तसंच वापरलं आणि नंतर दहा मिनिटांत नीट झालं तेव्हा फार वाईट वाटलं.

अॅडॉप्टर काढा, बॅटरी काढा, खालचे स्क्रू काढा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत अगदी थोडा मारा आणि पेडल वीस-तीस वेळा हलवा. दुचाकीच्या चेनवर मारतात तो स्प्रे नको. पॉट काढावा लागलाच तर दाते कुठे अडकलेत त्याचा आधी फोटो काढा, एक दाता जरी सरकला तरी आवाजाची पूर्ण रेंज बदलते. साफ करूनही खरखर राहिली तर पॉट झिजलाय, तो बदलायचा, पेडल नाही. आणि पुढे कधी नवीन घेतलंच तर मोर्लीसारखं प्रकाशावर चालणारं बघा, त्यात घासणारा पॉटच नसतो.

एक अजून, बॅटरीवर वाजवत असाल तर वाजवून झालं की गिटारची केबल इनपुटमधून उपटून ठेवा, ती आत राहिली तर पेडल बंद असलं तरी बॅटरी उतरत राहते.