पाणी कुठून कुठे गेलं? ट्रेसरबद्दल तुमचे प्रश्न

२०२४ च्या फेब्रुवारीत बेतुलला इंडिया एनर्जी वीक झाला तेव्हापासून गोव्यातली पोरं तेलाबद्दल विचारायला लागलीत, हे चांगलंच आहे. पण हल्ली येणाऱ्या मेसेजांतले निम्मे एकाच व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवरून आलेले असतात, ‘तेलाच्या विहिरीत किरणोत्सारी पाणी सोडतात’ म्हणून. मी तेलक्षेत्रांत रिझर्वॉयरचं, म्हणजे जमिनीखालच्या तेल धरून ठेवणाऱ्या खडकाचं, काम केलंय, आता फोंड्यात असतो. ट्रेसर म्हणजे पाणी कुठून कुठे गेलं ते कळावं म्हणून त्यात मिसळतात तो सहज ओळखता येणारा पदार्थ. एकेक प्रश्न घेतो.

जमिनीखाली तेलाचं तळं असतं का? (म्हापसा)

नाही. दगडाच्या बारीक छिद्रांत असतं, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात चुनखडीच्या. जांभ्याचा चिरा पाण्यात बुडवून काढा, तो पाणी धरून ठेवतो ना, साधारण तसं.

एका विहिरीतून पाणी आत दाबलं, दुसरीतून तेल आलं, मग मध्ये ट्रेसर कशाला? (वास्को, ऑफशोअरला कामाला)

कारण पाणी सगळ्या दगडातून सारखं जात नाही. एखादी भेग किंवा मोकळा थर सापडला की तिथूनच धावत सुटतं आणि बाजूचं तेल तसंच मागे राहतं. तेलाच्या विहिरीत पाणी वाढलेलं दिसतं, पण आजूबाजूच्या चार इंजेक्शन विहिरींपैकी ते कुठलीचं हे पाण्याकडे बघून कसं कळणार? म्हणून प्रत्येकीत वेगळा ट्रेसर घालतात, फ्लुओरोबेंझोइक आम्लांचे वेगवेगळे प्रकार त्यासाठीच वापरतात. मग तो कुठे आला, कधी आला, किती आला, किती दिवस येत राहिला ते बघायचं. अंतर काहीशे मीटरच असलं तरी महिने लागतात, कधी वर्षंसुद्धा.

ट्रिशियम टाकतात म्हणे, मग आमच्या मासळीत येणार नाही का? (बेतुल)

गोव्याच्या समुद्रात तेलाचं उत्पादनच नाही, आणि मुंबई हाय मुंबईपासूनही सुमारे १६० किलोमीटर आत आहे. ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, ट्रेसर म्हणून वापरतात हे खरं, कारण ते पाण्याच्याच रेणूत बसतं आणि पाण्यासारखंच वागतं. अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्याचे बीटा किरण कातडीतून आत जात नाहीत, पण पोटात गेलं तर विषय वेगळा, म्हणूनच आपल्याकडे त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि प्रशिक्षित माणूसच ते हाताळतो. बऱ्याच ठिकाणी आता साधे रासायनिक ट्रेसरच घेतात. फॉरवर्ड पाठवणाऱ्याकडे मोजणीचा कागद मागा, आणि खरंच शंका असेल तर मासळीचा नमुना लॅबला द्या.

मी नुकताच एका सर्व्हिस कंपनीत लागलोय. आमचे सेल्सवाले सांगतात नॅनो-कणांचा ट्रेसर कुठल्याही रिझर्वॉयरमध्ये चालतो आणि नमुने महिन्यातून एकदा घेतले तरी पुरे. खरं का? (मडगाव)

दोन्ही खोटं, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

विरघळलेलं रसायन वेगळं आणि कण वेगळा. छिद्राछिद्रांमधल्या चिंचोळ्या वाटेच्या एक तृतीयांशाहून मोठा कण वाटेतच अडकतो, एक सप्तमांशापर्यंतचासुद्धा हळूहळू साचून वाट बुजवतो, हा तेलातल्या लोकांचा जुना ठोकताळा आहे. त्याहून बारीक असला तरी खाऱ्या, गरम पाण्यात कण एकमेकांना चिकटून गोळे होतात किंवा दगडालाच चिकटून बसतात. म्हणून विकणाऱ्याला एकच विचारा, आमच्या दगडाच्या तुकड्यातून, आमच्याच पाण्यात, आमच्या तापमानाला हा घालून बघितलात का, आणि घातला त्यातला किती परत आला? नुसतं ब्रोशर दाखवलं तर उठा.

आणि नमुने! माझं अख्खं आयुष्य या एका गोष्टीवर भांडण्यात गेलं. ट्रेसर घालायच्या आधी प्रत्येक विहिरीचे कोरे नमुने घ्यायचे म्हणजे घ्यायचे, कारण मागच्या चाचणीतलं तेच रसायन तिथे उरलेलं असू शकतं. सुरुवातीला रोज घ्या, मग विरळ करत जा, भेगेतून आलेला पहिला उसळा महिन्यातून एकदाच बाटली भरणाऱ्याला सापडतच नाही. एका क्षेत्रावर आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी चारशे मीटरवरच्या विहिरीत ट्रेसर ‘आला’. सगळे हादरले, मोठी भेग आहे म्हणून इंजेक्शन बंद केलं. मी बाटल्यांची नोंदवही काढली तर सही एकाच माणसाची, सकाळी ट्रेसर ओतणारा तोच आणि दुपारी बाटल्या भरणारा तोच, हातमोजेही तेच, आणि बाटलीच्या झाकणाच्या आतल्या आट्यांना पुसून घेतलं तर ट्रेसर तिथेच. मोजतो आपण अब्जातल्या एका भागाच्याही खाली, तिथे मोज्यावरचा एक डाग महिन्याचं काम मातीत घालतो. ओतणारे आणि भरणारे वेगळे, गाडी वेगळी, खोली वेगळी. तुमच्या सीनियर रिझर्वॉयर इंजिनीअरसोबत बसून नमुन्यांचं वेळापत्रक आधी लिहून घ्या, करारावर सही त्यानंतर.

किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ते मुंबई हायचेच ना? (कळंगुट)

बघून सांगता येत नाही. जहाजांच्या टाक्या धुतलेलं तेलही असू शकतं. लॅबमध्ये तेलाचे ‘ठसे’ जुळवावे लागतात, तोवर कुणाचंही नाव घेऊ नका.

शेजाऱ्यांच्या सेप्टिक टँकचं पाणी आमच्या विहिरीत येतं असा संशय आहे. त्यांच्या संडासात रंग टाकून बघू का? कुणी रॉकेल टाका म्हणतं, वासाने कळेल. (डिचोली)

ताई, रॉकेल अजिबात नको, फिनेलही नको, विहीर कायमची घालवून बसाल. रंगाची कल्पना मात्र बरोबर आहे. १८७७ मध्ये जर्मनीत क्नोप नावाच्या भूवैज्ञानिकाने डॅन्यूब जिथे जमिनीत मुरते तिथे १० किलो युरॅनिन हा चमकणारा हिरवा रंग टाकला आणि सुमारे ६० तासांनी आखच्या झऱ्याचं पाणी हिरवं झालं. आपल्या जांभ्यातही भोकं आणि नळ्या असतात, पावसात पाणी त्यातून पळतं. पण इथे एक गोम आहे, जांभ्यातलं पाणी बहुतेक वेळा आम्लधर्मी असतं आणि आम्लात युरॅनिनची चमक मावळते, म्हणजे रंग आलेला असूनही तुम्ही ‘काही नाही’ म्हणाल. नमुना अंधाऱ्या बाटलीत ठेवून, कारण उन्हातही तो रंग उडतो, लॅबमध्ये आम्लता सुधारूनच मोजावा लागतो. बाजारातला खायचा रंग किंवा होळीचा रंग या कामाला चालत नाही. शिवाय शेजाऱ्यांची परवानगी लागेल.

म्हणून आधी विहिरीच्या पाण्याची ई-कोलायची तपासणी करून घ्या, या आठवड्यातच, चवथ होऊ दे मग बघू असं नको. ई-कोलाय निघाले तर आरोग्य केंद्रात सांगा आणि जलसंपदा खात्याच्या भूजल विभागाकडे लेखी अर्ज द्या, रंगाची चाचणी हायड्रोजिओलॉजिस्ट येऊन करेल. नाही निघाले तरी पावसात पुन्हा एकदा तपासा, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.