सोनं सोडलेले देश आणि तुझं राहिलेलं गणित

प्रश्न : मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. अनेक देशांच्या औद्योगिक उत्पादनाची आणि किमतींची आकडेवारी घेऊन स्थूल अर्थशास्त्राचे सिद्धांत तपासणारं संशोधन मला करायचं आहे. बारावीला गणित नव्हतं. घरचे म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर : आधी या कामाचा एक नमुना बघ. महामंदीत ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णमान, म्हणजे चलनाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत, सोडलं. फ्रान्स १९३६ पर्यंत त्याला चिकटून राहिला. बॅरी आयकेनग्रीन आणि जेफ्री सॅक्स या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये युरोपातले दहा देश घेऊन, कोणाचं चलन किती उतरलं आणि कारखान्यांचं उत्पादन किती सावरलं, हे शेजारी शेजारी मांडलं. लवकर सोनं सोडणारे साधारणपणे लवकर सावरलेले दिसले. एकट्या ब्रिटनवरून हे ठरलं नसतं. तिथे १९३२ मध्ये आयातकरही वाढले होते, मग श्रेय कोणाला?

खरी डोकेफोड यानंतरची. जर्मनीने मार्कची सोन्यातली किंमत कागदावर तशीच ठेवली, पण १९३१ पासून परकीय चलनावर कडक नियंत्रणं आणली. त्याला कोणत्या रांगेत बसवायचं? घाऊक किमतींच्या निर्देशांकात एका देशात शेतमाल जास्त, दुसऱ्यात कोळसा-लोखंड; मग त्यांची तुलना कशी करायची? आपला रुपया स्टर्लिंगला, म्हणजे ब्रिटनच्या पौंडाला, बांधलेला होता, म्हणून तोही त्याच वेळी सोन्यापासून सुटला. पण तेव्हाच्या भारताची मंदी गिरण्यांच्या उत्पादनावरून मोजणं मला तरी पटत नाही.

हे प्रश्न वाचून कंटाळा आला नसेल, तर गणिताला लाग. कलन (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि मग अर्थमिती (आकडेवारीवर अर्थशास्त्राचे सिद्धांत तपासण्याचं शास्त्र), याच क्रमाने. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा भारतीय सांख्यिकी संस्था डोळ्यांसमोर असेल, तर गणिताला पर्याय नाही. बारावीच्या गणिताची अट कुठे आहे, ते यंदाच्या माहितीपत्रकात आधी तपास. पुण्याची गोखले संस्थाही यादीत ठेव. सोबत ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शीक, ते फुकट आहे. पूर्णवेळ संशोधनासाठी पुढे पीएच.डी. लागेल, म्हणजे कमाई उशिरा; हे घरी आत्ताच स्पष्ट बोल.

आणि त्यांना हेही सांग की भारतीय आर्थिक सेवा आणि रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातली ग्रेड ‘बी’ची अधिकारीपदं यांना अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. नोकरीची वाट एम.ए.नंतरही उघडी राहते.